वजीर कधी वाढला?

चारिझार्ड हे नाव माझ्या पिढीतल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. पोकेमॉन नावाच्या जपानी खेळातला हा पंख असलेला, सरड्याच्या तोंडवळ्याचा प्राणी. याच्या शेपटीच्या टोकाला ज्योत जळत असते. १९९६ साली जपानमध्ये या खेळाचे पत्ते पहिल्यांदा निघाले, तेव्हा चारिझार्डच्या पत्त्यावर त्याची जीवशक्ती १२० छापलेली होती. त्या संचात याहून मोठा आकडा कुणाचाच नव्हता. २०२० साली निघालेल्या त्याच्याच एका पत्त्यावर हा आकडा ३३० आहे. पूर्वी त्याचा सर्वांत मोठा वार १०० चा होता, या पत्त्यावर तो ३०० चा आहे. प्राणी तोच, ज्योतही तीच.

माझा नातू हे पत्ते जमवतो आणि याच प्राण्यांच्या लढाईचा व्हिडिओ गेमही खेळतो. या वाढीला 'पॉवर क्रीप' म्हणतात, हे मला त्यानेच सांगितले. क्रीप म्हणजे सरपटणे. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने ताकद वर सरकत राहते, असा त्याचा अर्थ. मी छत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. शब्द नवा असला तरी वस्तू ओळखीची निघाली.

कारण अगदी साधे आहे. नवा पत्ता जुन्यापेक्षा दुबळा काढला तर तो कुणी घेत नाही. जुन्याच्या बरोबरीचा काढला तर थोडे लोक घेतात. म्हणून तो जरा सरस काढायचा. पुढच्या वर्षी त्याहून जरा सरस. प्रत्येक पायरी एवढी लहान असते की तिच्याबद्दल भांडायला कुणी उभे राहत नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांनी मागे वळून पाहावे तर १२० चे ३३० झालेले! अर्थात पत्ते काढणारेही काही अडाणी नाहीत. प्रतिस्पर्ध्याचा साधा प्राणी बाद केला की तुम्हाला सहांपैकी एक बक्षीस-पत्ता मिळतो, पण असा बलाढ्य प्राणी बाद केला तर दोन किंवा तीन मिळतात. म्हणजे मोठा वापरायचा तर मोठे नुकसान सोसायची तयारी हवी. हा हिशोब मला आवडला.

व्हिडिओ गेमचा इतिहास तर आणखी गमतीचा आहे. पहिला खेळ १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडण्याचा नाद होता आणि त्यातूनच ही कल्पना सुचली. खेळात १५१ प्राणी आणि त्यांच्या पंधरा जाती. पाणी आगीला मारते, आग गवताला, गवत पाण्याला. कुणीच सर्वांत थोर नाही, हा या रचनेचा पाया. पण पहिल्याच खेळात तो एका बाजूला खचला. मनोबलाने लढणारी सायकिक नावाची एक जात होती. तिला फक्त किड्यांची भीती, आणि किड्यांचे वार होते अगदी लेचेपेचे. भुतांचा वार तिला लागायचा होता, पण प्रोग्रॅममधल्या गफलतीमुळे तो मुळीच लागेना. मग काय, ज्याच्या संघात सायकिक त्याचे पारडे जड.

१९९९ साली दुसरी पिढी आली तेव्हा निर्मात्यांनी सायकिकचे हातपाय कापले नाहीत. त्यांनी 'डार्क' नावाची नवी जात आणली, जिच्यावर सायकिकचा वार मुळी चालतच नाही. 'स्टील' हीसुद्धा तेव्हाच आली. पुढे ड्रॅगन फार माजले, तेव्हा २०१३ साली 'फेअरी' म्हणजे परी जात आणली. तिच्यापुढे ड्रॅगनचा वार फुकट. पण त्याच २०१३ च्या खेळात काही निवडक प्राण्यांना लढाईपुरते आणखी बलवान करण्याची 'मेगा' सोयही दिली होती. एका हाताने वजन काढायचे आणि दुसऱ्या हाताने टाकायचे, अशातला प्रकार.

त्या चारिझार्डचेच पाहा ना. २००६ च्या पिढीत एक युक्ती आली. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात टोकदार खडक पेरून ठेवायचे. आत येणाऱ्या प्रत्येकाला ते टोचतात, पण अग्नी आणि पंख असे दोन्ही असलेल्या चारिझार्डची निम्मी शक्ती मैदानात पाऊल टाकताक्षणी जाते. त्याचे स्वतःचे काहीच कमी झालेले नव्हते. भोवतालचे जग बदलले आणि एके काळचा हिरो अडगळीत गेला. २०१३ साली त्याला एकाऐवजी दोन 'मेगा' रूपे मिळाली आणि पुन्हा बरे दिवस आले. २०१९ च्या खेळात 'मेगा' ही सोयच काढून टाकली, आणि त्याच वेळी जुन्या प्राण्यांपैकी कितीतरी त्या खेळात घेतलेच नाहीत. तेव्हा जगभरची पोरे संतापली होती, असे नातू सांगतो. मला त्यांचा राग समजू शकतो. ज्याच्याबरोबर आपण वाढलो तो प्राणी 'या वेळी नाही' म्हणून दाराबाहेर!

हे सगळे ऐकताना मला बुद्धिबळाचा वजीर आठवत होता.

आज पटावर वजीर सर्वांत जबरदस्त मोहरा आहे. उभा, आडवा, तिरका, वाट मोकळी असेल तिथवर जातो. प्यादे एक मोजले तर घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच आणि वजीर नऊ, असा ढोबळ हिशोब शिकवतात. पण सहाव्या शतकाच्या सुमारास आपल्याकडे चतुरंग खेळत असत आणि तो इराणात जाऊन शतरंज झाला, तेव्हा हा राजाचा मंत्री तिरके एकच घर चालत असे. आजच्या उंटाच्या जागी जो मोहरा होता तो तिरकी दोन घरे उडी मारी आणि तिथेच त्याची मजल संपे. म्हणजे मंत्री राजाच्या शेजारी उभा असलेला, फार दूर न जाणारा सल्लागार होता. खऱ्या दरबारातल्या मंत्र्यासारखाच म्हणा.

सुमारे नऊशे वर्षे तो तसाच राहिला. मग पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीच्या बाजूला एकाएकी बदल झाला. युरोपात तोवर मंत्र्याची राणी झालेली होती. या राणीला अमर्याद चाल मिळाली, उंटालाही तिरकी लांब चाल मिळाली. १४९७ साली सालामांका येथे छापलेल्या लुसेना या लेखकाच्या पुस्तकात जुने आणि नवे असे दोन्ही खेळ शेजारी शेजारी आहेत. नव्या खेळाला तेव्हा 'वेड्या राणीचा खेळ' अशा अर्थाची नावे पडली होती. त्यांत थोडी थट्टा आहे आणि थोडी भीती आहे, असे मला वाटते. जुना खेळ तासन्‌तास चाले. नव्यात चार-सहा चालींत मात होऊ लागली. राजा एकदम उघडा पडला. मग त्याला कोपऱ्यात लपवण्यासाठी किल्लेकोट आला, आणि त्याचे नियम पक्के व्हायलाही पुढे कित्येक पिढ्या गेल्या. आधी ताकद वाढली, ढाल नंतर आली. पोकेमॉनच्या निर्मात्यांनी 'डार्क' आणि 'फेअरी' आणली त्याच क्रमाने. फक्त त्यांना काही वर्षे लागली, इथे शतके लागली.

आता आपल्याकडचे सांगतो. आमच्या कोकणात देशी बुद्धिबळ खेळत, त्यात वजीर मोठा झालेला होता, पण बाकीचे पुष्कळसे जुनेच होते. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, त्याला शह बसलेला नसेल तर, डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या घरात पोचले की वाटेल तो मोहरा मिळत नसे. ज्याच्या घरात पोचले तोच मिळे, म्हणजे हत्तीच्या घरात हत्ती आणि घोड्याच्या घरात घोडा. गावोगाव यात थोडे फरक असत. डाव सावकाश उलगडे. प्याद्याला प्याद्याचा जोर देत देत दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या राहत आणि खरी लढाई अर्ध्या तासाने सुरू होई. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. दुबळ्याने केलेल्या कामाला जास्त मोल देणे, हाही समतोलाचाच एक प्रकार. ते बक्षीस-पत्त्यांचे गणित आठवा.

आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ होते. नाव देत नाही, त्यांची नातवंडे गावात आहेत. पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असत, शेतातली लावणी उरकलेली असे, तेव्हा त्यांच्या ओटीवर पट मांडला जाई. पलीकडच्या वाडीतून, खाडीपलीकडूनही माणसे त्यांच्याशी खेळायला येत. बिडी विझलेली, डोळे पटावर, आणि मधूनच 'जोर बघ, जोर' एवढेच बोलणे. मी १९७२ च्या सुमारास शाळेत लागलो. पुढे तालुक्याच्या आंतरशालेय स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा आम्ही मुलांना छापील पुस्तकातले आंतरराष्ट्रीय नियम शिकवू लागलो. शिकवणे भागच होते. तालुक्याला जाऊन प्यादे एक घर सरकवणारा पोरगा आठव्या-दहाव्या चालीत गारद झाला असता. शाळेतली मुले मग आजोबांच्या ओटीवर जाऊन नव्या नियमांनी खेळू लागली. आजोबांना नियम कळायला वेळ लागला नाही. पण भिंत बांधायला लागणारा वेळच नव्या खेळात नव्हता. पहिल्याच चालीत प्यादे दोन घरे पुढे येई, तिसऱ्या-चौथ्या चालीला उंट त्यांच्या राजाकडे रोखलेला असे. साठ वर्षे खपून मिळवलेले ज्ञान दोन पावसाळ्यांत निरुपयोगी झाले. दहावीतली पोरे त्यांना हरवू लागली. त्यांनी तक्रार केली नाही. एका वर्षी पट मांडला गेला नाही, एवढेच.

पोरे त्यांच्यापेक्षा हुशार होती असे नव्हे. ती वेगळ्या पटावर उभी होती. आणि त्या ओटीवर म्हाताऱ्याने आणि पोराने समोरासमोर बसण्याची जी सवय होती ती मोडली, याचे वाईट जास्त वाटते.

हीच गोष्ट फार मोठ्या पटावर मीर सुलतान खान यांच्याबाबत घडली. पंजाबातला हा खेळाडू देशी बुद्धिबळात वाढला. युरोपीय नियम तो विशीत शिकला आणि १९२९ साली आपल्या जमीनदार मालकाबरोबर लंडनला जाऊन त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ ला पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवले. जाणकार सांगतात की त्याच्या डावाची सुरुवात कच्ची असे आणि शेवट पोलादी. सुरुवात कच्ची असणारच! सुरुवातीच्या वेगवान चालींची पुस्तके पाठ केलेल्या लोकांसमोर तो बसला होता. शेवटाला मोहरे थोडे उरले की राजा-प्याद्यांचा जो हिशोब लागतो, तो मात्र त्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेला. २०२४ साली जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले. तोवर त्याला जाऊन अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

ही पडझड काही विसाव्या शतकातच सुरू झाली असे नाही. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ ग्रंथ संस्कृतातला. पण त्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच म्हटले आहे की हे युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहे. पेशवाई अजून चार वर्षे उभी राहायची होती, पण पटावर साहेबाचे नियम येऊन बसले होते.

आता एक उलटी गंमत. २०२० साली माजी जगज्जेता क्रामनिक आणि डीपमाइंड या कंपनीचे संशोधक यांनी अल्फाझीरो या संगणकी खेळाडूला बुद्धिबळाचे नऊ बदललेले नियम देऊन स्वतःशीच डाव खेळायला लावले. नियम बदलला तर पांढऱ्या-काळ्याचा समतोल राहतो का, बरोबरीचे डाव वाढतात का, हे तपासायचे होते. कारण संगणकाच्या मदतीने सुरुवातीच्या चाली इतक्या घोकल्या जातात की बुद्धिबळात आता ताकद मोहऱ्यांची वाढत नाही, तयारीची वाढते. त्या नऊ नियमांपैकी एकात किल्लेकोट नव्हता. आणि दुसऱ्या एकात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकत होते. ओटीवरचे आजोबा असते तर त्यांना मी हे जरूर वाचून दाखवले असते.

म्हणजे समतोल साधण्याचे जे मार्ग मला दिसतात ते असे: माजलेल्याला तोडीस तोड उभा करणे, त्याची किंमत वाढवणे, किंवा त्याला स्पर्धेबाहेर ठेवणे. पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धांत अतिबलाढ्य दैवी प्राण्यांवर पुष्कळ वेळा मर्यादा असते, आणि चाहत्यांनी तर प्राण्यांच्या ताकदीप्रमाणे निरनिराळे वर्ग पाडले आहेत. दुबळ्यांनी दुबळ्यांशी खेळावे. आमच्या कबड्डीच्या वजनगटांसारखे! शालेय सामन्यांच्या आदल्या दिवशी आमची मुले रेशन दुकानातल्या काट्यावर उभी राहत, आणि पाव किलो जास्त भरले तर रात्रीचा भात सोडत. वजनाची मर्यादा नसती तर शिक्षकांनी संघ निवडला नसता, तोलून घेतला असता.

कबड्डी हा मला या बाबतीत सर्वांत शहाणा खेळ वाटतो. (कोकणातला माणूस दुसरे काय म्हणणार, असे कुणी म्हणेल. म्हणो.) १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापले, त्याआधी आणि नंतरही या खेळाचे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. एक बाजू ढासळू लागली की ढासळतच जाई. अमरमध्ये कुणी बाहेरच जात नसे, फक्त गुण मोजायचे. संजीवनीत समोरचा एक बाद केला की आपला एक जिवंत होऊन आत येई. टिकला तो संजीवनी. हरणाऱ्याला परत येण्याची वाट ज्यात आहे तो प्रकार लोकांनी ठेवला. २०१४ पासून टीव्हीवर दिसणाऱ्या प्रो कबड्डीत हीच बुद्धी पुढे नेलेली आहे. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाई करणारा पकडला तर एक गुण जास्त मिळतो. बोनस रेषा मात्र समोर सहा-सात गडी असतील तेव्हाच उघडी असते. कबड्डीत नवा शक्तिमान गडी बाजारात आणून विकायचा नसतो, म्हणून कदाचित हे जमले असावे. क्रिकेटच्या बॅटची जाडी वाढत गेली आणि २०१७ साली तिच्यावर मर्यादा घालावी लागली, हे ताजे उदाहरण आहेच.

या सगळ्या खेळांत एक मात्र समान आहे. नियम बदलणारा कुणीतरी वर बसलेला आहे, आणि तो म्हणाला की 'मेगा' बंद, तर सगळ्यांचे एकाच दिवशी बंद होते.

आमच्या नाटे बंदरावर तसे होत नाही. लहानपणी मी किनाऱ्यावर रापण ओढलेली पाहिली आहे. जाळे ओढायला सगळी वाडी, आणि मासळीचे वाटेही सगळ्या वाडीत. शिडाच्या होड्यांना यंत्रे आली. यंत्राचे अश्वबळ वाढत गेले. ट्रॉलर आले. मग बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवा घेरून उचलणारे पर्ससीन जाळे आले, आणि त्यानंतर रात्री मासळीला डोळे दिपवून गोळा करणारे एलईडी दिवे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला उत्तर होती. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले आणि २०१७ साली केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बातम्यांत त्या येतच असतात. माझ्या वर्गात एकाच बाकावर लहान होडीवाल्याचा आणि मोठ्या जाळेवाल्याचा मुलगा बसत असे. आज ते एकमेकांशी बोलत नाहीत.

त्यांच्यातला एक गेल्या आठवड्यात भेटला. त्याने नवे इंजिन बसवले आहे, आधीच्याहून मोठे, कर्ज काढून. मासळी वाढली का, म्हणून विचारले. म्हणाला, ''नाही सर. डिझेल मात्र वाढलं. पण बाकीच्यांनी मोठी बसवली आणि मी जुनंच ठेवलं, तर थव्यापर्यंत पहिला कोण पोचणार, तुम्हीच सांगा.''